बीपीची गोळी, रक्ताचं इंजेक्शन आणि दोन्हींच्या मधलं पाणी

डायलिसिस सेंटरच्या बाहेरच्या बाकड्यावर नवीन पेशंटबरोबर आलेलं माणूस लगेच ओळखू येतं. फाइल छातीशी धरलेली, औषधांची पिशवी मांडीवर, आणि आतलं दार वाजलं की मान तिकडं. ओळख झाली की दोन प्रश्न ठरलेले. "एवढ्या गोळ्या खाऊनबी बीपी उतरंना, असं का?" आणि "इंजेक्शनं चाललीत, तरी रक्त वाढंना, का ओ?"

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, किडनी बसल्यामुळं मार्च २०१९ पासून डायलिसिसवर आहेत, म्हणजे मशीन त्यांचं रक्त गाळून जादा पाणी काढतं. आठवड्यातून तीनदा नदीकाठच्या गावातून कोल्हापूर. पहिल्या वर्षी हेच दोन प्रश्न मीही विचारत होते. उत्तरं तुकड्यातुकड्यानं मिळाली. थोडी डॉक्टरांकडून, बरीचशी सिस्टर आणि टेक्निशियनकडून, काही आमच्याच चुकांतून. ती इथं क्रमानं मांडते. डोस ठरवणं हे नेफ्रॉलॉजिस्टचं, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचं काम, त्यात मी पडणार नाही. पण एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं: बीपीची गोळी वाढवायच्या आधी अंगातलं पाणी बघायचं, आणि रक्ताचं, म्हणजे हिमोग्लोबिन वाढवायचं इंजेक्शन वाढवायच्या आधी लोह बघायचं.

पहिलं काम: दोनशे पानी वही

औषधांच्या आधी वही आणा. पुढच्या बाजूनं रकाने आखा: तारीख, मशीनवर जातानाचं वजन, उतरल्यावरचं वजन, किती पाणी काढलं, आधीचं आणि नंतरचं बीपी, मध्ये काही त्रास झाला का. वही उलटी करून मागून दुसरी नोंद: हिमोग्लोबिन, लोहाच्या तपासण्या, कुठलं इंजेक्शन किती युनिट, कधी दिलं. सेंटरच्या कार्डावर यातलं बरंच असतं, पण कार्ड सेंटरमध्ये राहतं आणि डॉक्टर दुसरीकडं भेटतात.

घरचं बीपी रोज सकाळी गोळ्यांच्या आधी आणि रात्री मोजा. मशीन दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसायचं, मग एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी नाही. (मामांची तंबाखू सोडवणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) शेवटी एकदा उभं करून मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर ते वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशननं जोडलेली शीर) असलेल्या हाताला मात्र पट्टा कधीच बांधायचा नाही. त्या हाताला सुई, सलाईन, घट्ट बांगडी, डोक्याखाली घेऊन झोपणं, सगळं बंद.

घरी मोजायचं कारण असं, की सेंटरमधला आकडा फसवतो. जाताना अंगात दोन दिवसांचं पाणी असतं म्हणून तो चढलेला, येताना पाणी काढलेलं म्हणून उतरलेला. माणूस उरलेला सगळा वेळ कुठल्या बीपीवर जगतो ते घरीच कळतं.

दुसरं काम: कोरडं वजन समजून घेणं

सेंटरमध्ये सगळे 'ड्राय वेट' म्हणतात. अंगात फाजील पाणी नाही, पायाला सूज नाही, झोपल्यावर दम लागत नाही आणि बीपी जागेवर आहे, असं जे वजन ते ड्राय वेट. दोन डायलिसिसच्या मध्ये जे किलो वाढतात ते मांस नव्हे, पाणी. एक किलो म्हणजे एक लिटर.

मामांचं ड्राय वेट सुरुवातीला ५८ किलो धरलं होतं. गोळ्या तीन, बीपी १७० च्या खाली यायला तयार नाही. मी चौथी गोळी लिहून घ्यायच्या तयारीनं गेले. डॉक्टरांनी वही बघितली, मामांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. खड्डा तसाच राहिला. म्हणाले, "गोळी नको, पाणी काढू." दर आठवड्याला अर्धा किलो असं करत ५५.५ वर आणलं. गंमत म्हणजे वजन उतरल्यावर बीपी लगेच उतरलं नाही, त्याला आणखी काही आठवडे लागले. हे आधी माहीत असतं तर मी मध्ये दोनदा घाबरले नसते. पुढं तिसरी गोळी बंद झाली.

आता हिशेब बघा, कारण इथंच बहुतेकांचं चुकतं. तासाला, दर किलो वजनामागं साधारण १३ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी ओढलं तर हृदयावर ताण येतो. ५५ किलोच्या माणसाचे चार तास धरले तर १३ गुणिले ५५ गुणिले ४, म्हणजे २,८६० मिलिलिटर. पावणेतीन लिटरच्या वर जरासं. तुम्ही चार किलो वाढवून आलात तर मशीन जादू करत नाही. एकतर पाणी मागं राहतं, नाहीतर ओढताना बीपी कोसळतं.

ड्राय वेट कायमचं नसतं. भूक सुधारून अंगावर मांस चढलं तर ते वाढवावं लागतं, नाहीतर मशीनवर सारखे पायात गोळे येतात. उलट आजारपणात मांस झडतं आणि त्याची जागा पाणी घेतं. काटा तोच दाखवतो, पण बीपी वाढतं आणि रात्री उशी उंच लागते.

मीठ, म्हणजे कोल्हापुरात अवघड जागेचं दुखणं

पाणी कमी प्या असं सगळे सांगतात. पण मीठ खाल्लं की तहान लागणारच, मग कितीही शपथा घाला. दिवसाचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, त्याच्याही आत ठेवायचं असतं. यात भाजीतलं आलं, भाकरीतलं आलं, आणि खर्डा, पापड, लोणचं, फरसाण, मिसळीचा कटही आला. आमच्याकडं आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, शेवटी डाव काढला: सगळ्यांचा स्वयंपाक बिनमिठाचा, आणि ताटात ज्यानं त्यानं आपलं घ्यायचं. मामांचं मोजलेलं मीठ एका छोट्या डबीत.

अळणीबद्दल मुद्दाम सांगते. आजारी माणसाला ताकद यावी म्हणून आपल्याकडं मटणाचं अळणी देतात. नावाला अळणी, पण मटण शिजवताना मीठ घातलेलं असतंच, मटणातलं पोटॅशियम त्या पाण्यात उतरलेलं असतं, आणि वाटी-वाटी करत तेही पाणीच. पांढरा-तांबडा तर सोडाच. त्यापेक्षा मटणाचे दोन-तीन तुकडे खावेत, रस्सा ताटाच्या कडेला राहू द्यावा. सैंधव हेही मीठच. आणि 'लो सोडियम' म्हणून विकतात त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. डायलिसिसच्या माणसाच्या हृदयाला ते थेट धोक्याचं. घरात आणूच नका.

प्यायचं पाणी किती, ते डॉक्टर सांगतील. ढोबळ हिशेब असा, की दिवसभराची लघवी अधिक अर्धा लिटर. चहा, दूध, ताक, आमटी त्यातच धरायची. सकाळी तेवढं पाणी बाटलीत भरून ठेवा आणि चहा घेतला की बाटलीतून कपभर ओतून टाका. दिवसाचं गणित डोळ्यांसमोर राहतं.

तिसरं काम: प्रत्येक गोळीचं नाव आणि वेळ

स्ट्रिपवर वारांप्रमाणं चिकटपट्टी लावा, आणि कुठली गोळी कशासाठी ते एकदा लिहून घ्या. नेहमी दिसणाऱ्या अशा:

ॲम्लोडिपिन. डायलिसिसमध्ये धुऊन जात नाही. हिनं घोट्याला सूज येऊ शकते, म्हणून पाय सुजले की प्रत्येक वेळी पाणीच असेल असं नाही. वजन आणि सूज शेजारी-शेजारी लिहिली तरच फरक कळतो.

टेल्मिसार्टन आणि तिच्या जातीच्या गोळ्या. चांगल्या, पण पोटॅशियम वाढवू शकतात, म्हणून रक्त तपासणी चुकवायची नाही.

मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल. नाडी मंदावते. मेटोप्रोलॉल डायलिसिसमध्ये बरीचशी निघून जाते, कार्व्हेडिलॉल नाही, त्यामुळं मेटोप्रोलॉलची वेळ डायलिसिसच्या दिवशी कधी, हे नक्की विचारा. साखर असलेल्यांनी जास्त जपायचं: साखर उतरल्यावर जी धडधड होते ती या गोळ्यांमुळं जाणवत नाही.

क्लोनिडिन. ही अचानक बंद केली तर बीपी उसळी मारतं. संपायच्या आधी आणून ठेवायची गोळी.

प्राझोसिन. पहिला डोस रात्री, आणि अंथरुणातून उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं.

टॉर्सेमाइड. लघवी होत असेल तोवरच उपयोगाची.

आता आमची चूक. दुसऱ्याच महिन्यात मी डायलिसिसच्या दिवशी पहाटे सगळ्या गोळ्या चहाबरोबर दिल्या आणि निघालो. तिसऱ्या तासाला मामा जांभया द्यायला लागले. मला वाटलं, पहाटे उठलेत, झोप येत असेल. पाचवी की सहावी जांभई झाली आणि कपाळावर घाम दिसला. शेजारच्या खुर्चीवरचे जुने पेशंट ओरडले, "सिस्टर, बीपी बघा त्यांचं!" ७८ होतं. पाय वर केले, पाणी ओढणं थांबवलं, सलाईन सोडलं, दहा मिनिटांत माणूस बोलायला लागला. तेव्हापासून जांभई हा शब्द वहीत लाल शाईनं लिहिलाय. जांभया, घाम, पोटऱ्यात गोळे, डोळ्यांपुढं अंधारी: यातलं काहीही झालं की लगेच हाक मारायची, संकोच नको.

त्यानंतर डॉक्टरांनी मामांच्या गोळ्या रात्री केल्या. पण हे तुमच्यासाठी नियम म्हणून घेऊ नका. काहींचं बीपी मशीनवर उलट वाढतं, त्यांना सकाळची गोळी लागते. विचारायचा प्रश्न एवढाच: "डायलिसिसच्या दिवशी यातली कुठली गोळी आधी, कुठली नंतर?" आणि मशीनवर पोटभर खायचं नाही. जेवणानंतर रक्त पोटाकडं वळतं आणि बीपी पडतं.

बीपी बिघडवणाऱ्या वस्तू मेडिकलमधून आपणच आणतो. गुडघेदुखीच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, आणि नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या. काउंटरवर पहिलं वाक्य "पेशंट डायलिसिसवर आहे" हेच असू द्या. ज्येष्ठमधाचा काढाही बीपी वाढवतो.

चौथं काम: रक्त का उतरतं ते समजून घेणं

रक्त तयार करा असा निरोप हाडांतल्या मगजाला किडनी देते, एरिथ्रोपोएटिन नावाच्या हार्मोनमधून. किडनी बसली की निरोप थांबतो. त्यात डायलिसिसमध्ये आणि तपासण्यांत थोडं-थोडं रक्त जातं.

हे कळलं की बीट-डाळिंबाचा नाद सुटतो. मामांचं हिमोग्लोबिन ७.४ आल्यावर आमच्याकडं येणारा प्रत्येक पाहुणा बीट, खजूर, पालक, डाळिंब, गुळाची ढेप घेऊन आला. यातलं बहुतेक सगळं पोटॅशियमनं भरलेलं. निरोपच जात नाही तिथं बीट काय करणार? पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून घेऊन ठेवायचं आणि पोरांना द्यायचं.

हिमोग्लोबिन साधारण महिन्याला तपासतात. रक्त डायलिसिस सुरू व्हायच्या आधी काढायचं आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये. पाणी काढल्यानंतर रक्त आटतं आणि आकडा उगाच वाढलेला दिसतो. लोहासाठी दोन तपासण्या, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, साधारण तीन महिन्यांनी. फेरिटिन म्हणजे कोठारातलं लोह, सॅच्युरेशन म्हणजे वापरायला हाताशी असलेलं. डायलिसिसवर सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या किंवा फेरिटिन २०० च्या खाली गेलं की लोह कमी मानतात. अंगात कुठं पू किंवा ताप असेल तर फेरिटिन फुगतं. कोठार भरलेलं दिसतं, पण त्याला कुलूप असतं.

पाचवं काम: आधी लोह, मग इंजेक्शन

लोहाच्या गोळ्या डायलिसिसच्या माणसाला नीट पचत नाहीत. म्हणून आयर्न सुक्रोज मशीनवरच सलाईनमधून हळूहळू देतात, बहुधा एका वेळी १०० मिलिग्रॅम, आणि असे दहा डोस. पहिल्या डोसला लक्ष ठेवा: खाज, छातीत आवळणं, बीपी पडणं. आदल्या रात्री ताप किंवा थंडी वाजली असेल तर सुई लावायच्या आधी सांगा. संसर्ग चालू असताना लोह देत नाहीत. मानेला कॅथेटर (डायलिसिससाठी शिरेत घातलेली नळी) असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

मग एरिथ्रोपोएटिन, ज्याला सगळे नुसतं 'रक्ताचं इंजेक्शन' म्हणतात. ४,००० किंवा १०,००० युनिटची लहानशी शिशी किंवा भरलेली सिरिंज. आठवड्याला एक ते तीन वेळा, त्वचेखाली किंवा डायलिसिसच्या लाइनमधून. दुसऱ्या प्रकारचं, डार्बेपोएटिन, कमी वेळा द्यावं लागतं. २०२२ मध्ये डेसिडुस्टॅट नावाची गोळीही भारतात मान्य झाली. ती कुणाला चालते ते डॉक्टर ठरवतील. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. दोन इंजेक्शनांत "काही फरक नाही" म्हणून बंद करणारे मी पाहिलेत.

हे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात राहिलं पाहिजे. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दारात नाही, आणि बर्फाच्या खणात तर अजिबात नाही. आत्यांनी एकदा "गार लागतंय ना, मग जास्त गार बरं" म्हणून चार इंजेक्शनं फ्रीजरमध्ये ठेवली. गोठलेलं इंजेक्शन वितळवून वापरायचं नसतं. चारही टाकली, आणि मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. गावाकडून येताना थर्मासमध्ये बर्फाची पिशवी ठेवा, इंजेक्शन कापडात गुंडाळून तिच्यापासून बाजूला. जोरात हिसळायचं नाही.

सगळं चालू असून रक्त वाढत नसेल तर डोस वाढवायच्या आधी हे बघायला सांगा: लोह, बी-१२, कुठं संसर्ग, मूळव्याध किंवा काळी शी, बायकांची जास्त जाणारी पाळी, पॅराथायरॉइडची तपासणी, चुकलेली डायलिसिस. आणि मशीनचा फिल्टर, ज्यातून रक्त गाळलं जातं. मशीन सोडताना टेक्निशियन सलाईन फिरवून रक्त परत अंगात पाठवतो, फिल्टर लाल होता तो हळूहळू फिकट गुलाबी, मग पांढरा होत जातो. मी तिथं उभी राहून बघते. लाल रेघा तशाच राहिल्या तर ते रक्त गोठून मागं राहिलं. फिल्टर आणि नळ्या मिळून दीड-दोनशे मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. असं दोन-तीनदा झालं की वहीत लिहून हेपारिनबद्दल, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाबद्दल, विचारायचं.

रक्ताची बाटली चढवणं शेवटचा उपाय समजा. ज्यांना पुढं किडनी बदलायची आहे त्यांच्या अंगात परक्या रक्तामुळं अँटिबॉडी तयार होतात आणि जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. चढवावीच लागली तर डायलिसिस चालू असताना, म्हणजे जादा पाणी आणि पोटॅशियम लगेच निघतं.

इथं दोन्ही वाटा मिळतात

रक्ताच्या इंजेक्शननं बीपी वाढतं. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. मामांचं हिमोग्लोबिन एका महिन्यात ८ वरून जवळजवळ ११ झालं, आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो, आणि त्याच आठवड्यात घरचं बीपी १९०/१०० आणि डोकं ठणकायला लागलं. वही उलटी-सुलटी करून दोन्ही पानं एकाच वेळी डॉक्टरांपुढं धरली तेव्हा त्यांनी इंजेक्शन कमी केलं, गोळी नाही.

म्हणून हिमोग्लोबिन १० ते ११.५ च्या मध्ये राहिलं की पुरे. निरोगी माणसासारखं १४ करायच्या मागं लागायचं नाही. १३ च्या वर नेलं तर पक्षाघात आणि फिस्टुला बंद पडण्याचा धोका वाढतो. चढही सावकाश हवा: दोन आठवड्यांत १ पेक्षा जास्त वाढलं तर डॉक्टरांना फोन करा. आणि बीपी खूप चढलेलं असताना सिस्टरनं इंजेक्शन लांबवलं तर वाद घालू नका.

वरचं बीपी १८० च्या वर आणि त्याबरोबर उलटी, अंधुक दिसणं, झटका, दम किंवा छातीत दुखणं असेल तर घरी गोळी शोधत बसायचं नाही. १०८.

खर्च आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल, किंवा योजनेतल्या खासगी हॉस्पिटलात आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. त्याला नेमकं विचारा: रक्ताचं इंजेक्शन, आयर्न आणि तपासण्या यात धरल्यात का, की बाहेरून आणायच्या? एसटीत डायलिसिसच्या पेशंटला सवलत आहे, प्रमाणपत्र कसं लागतं ते डेपोत विचारा. बीपीच्या नेहमीच्या गोळ्या जनऔषधी दुकानात बऱ्याच स्वस्त मिळतात.

पावसाळ्याची तयारी

हे फक्त आपल्याकडचं. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि रस्ते बंद झाले. आमचं एक डायलिसिस हुकलं. दुसऱ्यासाठी मामांना होडीतून काढावं लागलं, तेव्हा ते साडेचार किलो वर होते आणि बसूनच झोपत होते. तेव्हापासून जूनमध्येच दहा दिवसांच्या गोळ्या जादा आणते, आणि पोटॅशियम उतरवायची पावडर घरात ठेवायची का, किती घ्यायची, ते डॉक्टरांकडून लिहून घेते. वीज गेली तर फ्रीज उघडायचा नाही. इंजेक्शन गरम झाल्याची शंका आली तर ते सेंटरला विचारल्याशिवाय वापरायचं नाही.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. डायलिसिसच्या घरानं ४३ ची वाट बघायची नाही. जुलै २०२१ मध्ये ३९ ची बातमी आली त्याच संध्याकाळी मामांना नणंदेकडं कळंब्याला हलवलं. बरोबर गोळ्या, मिठाची डबी, थर्मासमध्ये दोन इंजेक्शनं आणि वही. दुसऱ्या दिवशी गावाचा रस्ता गेला. त्या आठवड्याचं पान अजून आहे: तीन डायलिसिस, तिन्ही वेळा वजन दोन किलोच्या आत, बीपी १४० च्या आसपास, आणि समासात पेन्सिलीनं रोजची पंचगंगेची पातळी.